छाट

वंटमुरीच्या घाटात रेंज गेली
आणि निकाल अर्धाच उघडला:
ऐकणे आठ. वाचणे सात.
उरलेले दोन आकडे संकेश्वर येईपर्यंत
गोल गोल फिरत राहिले.
बोलणे साडेसहा. लिहिणे सहा.

बागेवाडी सरांनी हे फळ्यावर समजावलं होतं.
चौघांची बेरीज, भागिले चार.
पाव उरला तर अर्धा धरायचा,
पाऊण उरला तर पुढचा पूर्ण,
पावाच्याही खाली काही असलं तर सोडून द्यायचं,
दुकानदार चिल्लर सोडतो तसं.
कुठला दुकानदार, नाझनीन पुटपुटली.

माझे निघाले पावणेसात नि वर दोन आणे.
त्यांनी वर सरकवून सात दिले. उदार आहेत.
पण तिकडच्या हॉस्पिटलला चौघांतला एकही
साडेसहाखाली चालत नाही.

आईच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
बोटाला सूत.
सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं,
"म्हंजे छाट किती निघाली?"

निपाणीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.
हजार विड्या नेल्या की चेकर एक कट्टा उचलतो,
तळहातावर सोडतो, तोंडं बघतो, कंबर दाबतो
आणि शंभरेक बाजूला सारतो.
का, ते सांगत नाही.
सारलेल्या परत देत नाही.
त्या बी कोण तरी ओढतंयच की, आई म्हणते.

माझ्या लिहिण्याचा चेकर कुठल्या गावी बसतो?
निबंध होता, लहान गावांनी आपली तरुण पोरं कशी थांबवावीत.
दोनशे एकोणसत्तर शब्द लिहिले, मोजून.
त्याच्यापुढे चार रकाने:
उत्तर दिलंय का, सांधे जुळलेत का,
व्याकरण, आणि शब्दसंपत्ती.
कुठल्या रकान्यात मी गरीब ठरले
ते निकालावर नाही.

बोलण्याला समोर बाई होती, मशीन होतं, पेन्सिल होती.
तुमच्या गावाबद्दल सांगा.
एक मिनिट विचार, मग दोन मिनिटं बोलायचं.
मी पहिल्याच शब्दाला थांबले.
बसच्या पाटीवर आमच्या गावातला प जोडाक्षर आहे,
आईच्या तोंडी सुटा,
पासपोर्टावर आणखी तिसराच.
सर म्हणाले होते, विचारासाठी थांबलीस तर चालतं,
शब्दासाठी थांबलीस की कापतात.
मी प-साठी थांबले.
ते कशात धरलं असेल?

रात्री तीनला वॉर्डात
चौदा नंबरला विचारते, नोवु इदेया,
सोळाला, कळ येतीय का,
सतराचा म्हातारा नुसता दर्द म्हणतो
आणि छातीवर हात ठेवतो.
मधे किती सेकंद गेले
ते अजून कुणी लिहून ठेवलेलं नाही.

परत तपासायला देता येतं. पैसे भरायचे.
आकडा वाढला तर पैसे परत.
"भर," आई म्हणाली.
"आमच्या चेकरला परत बघ म्हणायची सोय
पैसं देऊन बी न्हाई."

तोवर सराव.
मी कार्ड उलटते: तुम्हाला मदत केलेली एक व्यक्ती.
आई घड्याळ लावत नाही,
दोन मिनिटं म्हणजे चार विड्या.
मी बोलू लागते, ती वळू लागते.
तिला यातलं एक अक्षर समजत नाही
आणि माझ्या तोंडावरची नजर ती हलवत नाही.
चौथीचं तोंड मुडपून म्हणते,
"तिसरीला अडलीस."
कशावर अडले?
"मला काय ठावं. ही बघ."
तिसरी विडी कमरेत सैल पडलीय.
ती सूत सोडते, तंबाखू सुपात झाडते,
पान ओलं करते.
"आता पयल्यापासनं म्हण."